एका अंगठ्यात तीन विषय: आमचा प्रकल्प अडलाय, जाणत्यांनी बोला

पऱ्हाटीची_पोर (धागाकर्ती)

राम राम मंडळी. मोठं लिहिते आहे, पण पूर्ण वाचा.

मागच्या मार्गशीर्षातली गोष्ट. कापसाची दुसरी वेचणी सुरू होती. आजीला घेऊन रेशन दुकानात गेले. तिनं मशीनवर उजवा अंगठा ठेवला, जुळला नाही. डावा ठेवला, जुळला नाही. दुकानदारमामांनी ओल्या फडक्यानं तिची बोटं पुसली, तर्जनी लावून पाहिली, मधलं बोट लावून पाहिलं. शेवटी म्हणाले, "आजी, तुमचे बोटं घासले. वेचणी झाली की या."

घरी आल्यावर आजी ओसरीवर बसली आणि स्वतःचा अंगठा उजेडात धरून पाहत राहिली. मीही पाहिला. आडव्या-उभ्या बारीक चिरा, बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी टोचून झालेले काळे ठिपके, आणि जिथं रेषा असायला हव्या तिथं गुळगुळीत चकाकी. "माह्या दाही बोटाईले चक्र होते," ती म्हणाली. "माही आजी मोजे. दहा चक्रवाला राजा होते म्हने."

तिथून आमचा प्रकल्प सुरू झाला. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात एम.ए. इतिहास करते. माझा चुलतभाऊ बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेऊन शेवटच्या वर्षाला आहे, आणि मैत्रीण एलएल.बी. करते. तिघांचे तीन प्रश्न. भावाचा: रेषा घासतात म्हणजे नेमकं काय होतं, त्या परत येतात का? मैत्रिणीचा: अंगठा जुळला नाही तर माणसाचा हक्क जातो का, आणि कुणाचा अंगठा सक्तीनं घेता येतो? माझा: हा अंगठा आपल्याकडे मागायला लागले कधीपासून आणि कुणी?

माझ्या प्रश्नानं आम्हाला १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापर्यंत नेलं, म्हणजे काही जमातींना जन्मावरूनच गुन्हेगार ठरवणाऱ्या कायद्यापर्यंत. आमच्या गावापासून चार किलोमीटरवर फासेपारध्यांचा बेडा, म्हणजे वस्ती, आहे. वेगवेगळी मजुरी करणाऱ्यांचे ठसे ताडून पाहायचे म्हणून आम्ही शाईचं पॅड, भिंग आणि कोरे कागद घेऊन तिथं गेलो. बाया-पोरं जमली, हसली-खिदळली. एका म्हाताऱ्या बाबांपुढं भावानं पॅड धरलं आणि त्यांनी हात असा मागं घेतला की जणू निखारा दाखवला. म्हणाले, "आंगठा पोलीस घेते. तुमी कोन?" एवढंच. मग बेड्यावरचं कुणीच बोललं नाही. आम्ही पॅड पिशवीत घातलं आणि निघालो. त्या रात्री तिघांनाही झोप नव्हती.

शिवाय मार्गदर्शक सर म्हणतात, आविष्कार या विद्यापीठाच्या संशोधन स्पर्धेच्या फॉर्मवर एकच गट भरता येतो: मानव्यविद्या, नाहीतर वाणिज्य-व्यवस्थापन-विधी, नाहीतर शुद्ध विज्ञान. आम्ही कुठं बसतो? आणि त्याहून मोठं म्हणजे, बेड्यावर परत जायचं का, आणि गेलो तर कोणत्या तोंडानं?

---

शंखचक्र

नागपूरला न्यायसहायक विज्ञानात, म्हणजे फॉरेन्सिकमध्ये, एम.एस्सी. करतोय, मूळ गाव वाशीम जिल्ह्यात. भावाच्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

रेषांचा साचा वरच्या कातडीत नसतो. वरची त्वचा आणि तिच्या खालची अंतस्त्वचा जिथं भेटतात, तिथं उंचवट्यांच्या ओळी असतात. त्या आईच्या पोटातच, साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात घडतात आणि मरेपर्यंत तशाच राहतात. वरचा थर झिजतो तेव्हा मशीनला काही दिसत नाही, पण खालचा साचा शाबूत असतो. वरची कातडी साधारण महिनाभरात नवी होते. म्हणून हाताला आराम मिळाला की त्याच रेषा, त्याच वळणानं, परत उगवतात. खोल भाजलं किंवा कापलं आणि साचाच दुखावला, तर मात्र तिथं कायमचा व्रण. तोही पुढं ओळखीची खूण होतो.

म्हणजे दुकानदारमामांनी जे सांगितलं, "वेचणी झाली की या", ते शास्त्राला धरून होतं. फक्त पोट महिनाभर थांबत नाही. आजीच्या अंगठ्याचे दर पंधरा दिवसांनी एकाच उजेडात, एकाच अंतरावरून फोटो काढा. वेचणीत, वेचणीनंतर, आणि पुन्हा निंदणीच्या दिवसांत. शाईची गरजच नाही.

आता आजीच्या दहा चक्रांचं. हे वाचून मी खुर्चीतून उठलो. १८९७ साली कोलकात्याला जगातलं पहिलं बोटठसे कार्यालय उघडलं. तिथं प्रश्न असा होता की हजारो लोकांच्या ठशांच्या पत्रिका रचायच्या कशा, म्हणजे हवी ती चटकन सापडेल? अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अंमलदारांनी त्याचं गणित बसवलं. पद्धतीला नाव मात्र त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचं लागलं. ते गणित चक्रांवरच, म्हणजे गोल गोल फिरणाऱ्या रेषांवरच, उभं आहे. उजव्या अंगठ्यापासून डाव्या करंगळीपर्यंत बोटांना १ ते १० क्रमांक. पहिल्या जोडीतल्या ज्या बोटाला चक्र असेल त्याला १६ गुण, दुसऱ्या जोडीतल्याला ८, मग ४, २ आणि १. शंखाला (वळून परतणाऱ्या रेषा), कमानीला शून्य. सम बोटांची बेरीज अधिक एक वर लिहायची, विषम बोटांची बेरीज अधिक एक खाली. असे ३२ गुणिले ३२, म्हणजे १०२४ खण. एकही चक्र नसेल तर १/१. दाही बोटांना चक्र असेल तर ३२/३२.

तुझ्या पणजीची आई ओसरीवर बसून जे मोजत होती, त्याचाच हा हिशेब. आजीचा खण ३२/३२, सगळ्यांत शेवटचा.

---

आर्णीकर

रेशनचं तेवढं आधी सांगतो, कारण आजीचं धान्य अडायला नको. अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारता येत नाही. केंद्राच्या अन्न विभागानं २०१७ मध्येच राज्यांना तसं कळवलेलं आहे. नॉमिनी, म्हणजे तिच्या वतीनं धान्य उचलणारा माणूस, लावून घ्या, किंवा मोबाईलवरच्या ओटीपीनं करून घ्या. दुकानदार ऐकत नसेल तर तहसीलच्या पुरवठा निरीक्षकाकडे लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलून येऊ नका.

---

बस्तेवाला

मी निवृत्त आहे. चौतीस वर्षं महसूल खात्यात, त्यातली अकरा अभिलेख कक्षात. लाल रुमालातले बस्ते सोडणं-बांधणं हेच काम. पोरी, तुझ्या इतिहासाच्या बाजूला दोन दुरुस्त्या.

पहिली. १८७१ चा कायदा झाला म्हणजे तो दुसऱ्या दिवशी यवतमाळात लागू झाला, असं लिहू नको. तो आधी उत्तरेकडच्या प्रांतांसाठी होता: वायव्य प्रांत, अवध, पंजाब. सगळ्या हिंदुस्थानला कवेत घेणारा कायदा १९११ चा. त्यानंतरही प्रत्येक प्रांत सरकारला गॅझेटात अमुक जमात, अमुक जिल्हा अशी अधिसूचना काढावी लागे. त्यात आपलं वऱ्हाड तर आणखी निराळं. १८५३ च्या तहानं कारभार इंग्रजांकडे आला, १९०२ ला कायमचा पट्टा झाला, १९०३ ला मध्यप्रांताला जोडलं, पण कागदोपत्री मुलूख निजामाचाच. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा इथं आपोआप चालत नसे, तो लागू केल्याची वेगळी अधिसूचना निघे. म्हणून तुला मध्यप्रांत व वऱ्हाडच्या गॅझेटाचे अंक बघावे लागतील. नागपूरच्या पुराभिलेखागारात जा, महाविद्यालयाचं पत्र घेऊन जा, आणि एक आठवडा हाती ठेवून जा. मुंबई इलाख्यातल्या सोलापूरच्या सेटलमेंटचं, म्हणजे या जमातींना डांबायच्या वसाहतीचं, वर्णन उचलून वऱ्हाडाला चिकटवलेले प्रबंध मी पाहिले आहेत. तसं करू नकोस.

दुसरी. अंगठा ही जुनी चाल नाही. मोडीतले जुने महजर (निवाड्याचे कागद), करारनामे काढून बघ. लिहिता न येणाऱ्यानं आपल्या धंद्याची निशाणी करायची. कुणब्याचा नांगर, वाण्याची तागडी, बाईमाणसाची बांगडी. लिहिणारा शेजारी लिही, "निशाणी नांगर". बोटभर चित्र असे, पण माणूस कोण आहे, काय करतो, ते त्यात दिसे. पुढं कधीतरी सगळ्यांच्या निशाण्या जाऊन एकच उरली, "निशाणी डावा अंगठा". हा बदल तुझ्या जिल्ह्यातल्या कागदांत कोणत्या सालांच्या दरम्यान झाला, एवढंच जरी शोधलंस तरी नवं काम होईल. मी असे बस्ते सोडले आहेत, म्हणून सांगतो. मी मोडी वाचून देईन.

---

पऱ्हाटीची_पोर

काका, हे वाचताना अंगावर काटा आला. तुमच्याकडे नक्की येते.

भावाचा निरोप टाकते. त्यानं कॉलेजच्या प्रयोगशाळेत आयोडीनच्या वाफेनं ठसे उठवून पाहिले. चंचुपात्रात आयोडीनचे चार खडे, खालून हलकी ऊब, वर वहीचा कागद. जांभळी वाफ चढली आणि कागदावर तपकिरी रेषा हळूहळू उमटल्या. माझ्या तर्जनीचा शंख मी पहिल्यांदा एवढा स्पष्ट पाहिला. दहा मिनिटांत विरून गेला. मग त्यानं दुसरा ठसा पिठाच्या पातळ पाण्यानं निळा करून टिकवला.

आता त्याच्या डोक्यात आलं आहे की आमच्या घरी पणजोबांचं जुनं खरेदीखत आहे, त्यावर शाईचा अंगठा आहे. त्याच कागदाला निनहायड्रिन लावलं तर न दिसणारे इतर ठसेही उठतील. कुणी कुणी तो कागद हाताळला ते कळेल. करावं का?

---

शंखचक्र

नाही. कागदाला हातही लावू नका.

निनहायड्रिन घामातल्या अमिनो आम्लांशी जुळून जांभळा रंग देतं, हे खरं. ही क्रिया १९१० साली सापडली, आणि ठशांसाठी तिचा वापर सुचला तो १९५४ मध्ये. कागदावरचे बरेच जुने ठसेही तिनं उठतात. पण द्रावणानं जुनी शाई पसरू शकते, आणि एकदा जांभळा झालेला कागद पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. तो तुमच्या घराचा पुरावा आहे. उद्या जमिनीचा वाद निघाला तर? आयोडीनही नको. नव्या कागदावर, स्वतःच्या बोटांवर हवे तितके प्रयोग करा. आयोडीनची वाफ नाकात-डोळ्यांत जाऊ देऊ नका, खिडकी उघडी ठेवा. जुन्या कागदाचा फक्त फोटो घ्या, तिरप्या उजेडात.

आमच्या शाखेत पहिला धडा हाच असतो. पुरावा एकदाच मिळतो.

---

काळा_कोट

तालुका कोर्टात वकिली करतो. मैत्रिणीसाठी लिहितो, तिला धाग्यावर आणा.

ठशाची कायद्यातली वाट अशी. १८५८ साली बंगालातल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या सनदी अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराकडून खडीच्या करारावर अख्ख्या पंज्याचा छाप घेतला. उद्या हा "सही माझी नाही" म्हणेल, ही भीती. पुढं हुगळीला त्यानं पेन्शन आणि दस्तनोंदणीसाठीही बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. म्हणजे पहिला ठसा चोराचा नव्हता, करार करणाऱ्याचा आणि पेन्शनवाल्याचा होता. आजीचं रेशन मशीन या वाटेवरचं आहे.

दुसरी वाट पोलिसांची. १८९९ मध्ये पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये बोटांच्या ठशांची भर पडली, तज्ज्ञाचं मत कोर्टात चालू लागलं. आज ते भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ३९. १९२० चा कैदी ओळख कायदा आला. स्वातंत्र्यानंतर प्रश्न उठला की आरोपीला ठसा द्यायला लावणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्षीदार करणं नाही का? १९६१ मध्ये काठी कालू ओघड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं, नाही. ठसा ही साक्ष नव्हे. २०२२ मध्ये १९२० चा कायदा जाऊन फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा आला. त्यात ठशांबरोबर बुबुळ, डोळ्यातला पडदा, सही, हस्ताक्षर, जैविक नमुनेही आले, आणि नोंदी ७५ वर्षं ठेवायची तरतूद.

या दोन वाटांच्या मधोमध गुन्हेगार जमातींचा कायदा बसतो, आणि तुमच्या प्रकल्पाचा जीव तिथं आहे. त्याच्या १९२४ च्या रूपात, नोंद झालेल्या माणसाचा ठसा जिल्हा दंडाधिकारी केव्हाही घ्यायला लावू शकत असे. गुन्हा घडायची गरज नव्हती, खटल्याची नव्हती. ठरलेल्या वेळी हजेरी, राहण्याची जागा बदलली तर कळवणं, सगळं जन्मावरून. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला. भटक्या-विमुक्तांमध्ये हा विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण जागोजागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्याकडे १९५९ चा. आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगातल्या नोंदवह्यांमधला जातीचा रकाना काढा म्हणून सांगावं लागलं. एवढी ती शाई पक्की होती.

जुन्या पोलीस नोंदी मागायच्या असतील तर माहिती अधिकाराच्या कलम ८(३) चा आधार घ्या. २० वर्षांपूर्वीच्या माहितीला बहुतेक अपवाद लागत नाहीत. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. पण मिळालेल्या कागदातली माणसांची नावं प्रकल्पात छापू नका. त्यांची नातवंडं शाळेत जातात.

---

स्पष्ट_बोलतो

थोडं वेगळं मत आहे, राग मानू नये. माझे मोठे भाऊ पोलिसात होते. आमच्याच गावात घरफोडी झाली तेव्हा कपाटाच्या काचेवरच्या ठशानं चोर सापडला, आणि ज्याला गावानं आधीच धरून बसवलं होतं तो सुटला. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं बंधनकारक केलंय, ते चांगलंच आहे. विद्यार्थी जुनं उकरून ठशाच्या शास्त्राबद्दलच लोकांच्या मनात किंतु निर्माण करतील, अशी भीती वाटते.

---

शंखचक्र

दादा, तुमचं उदाहरण मी माझ्या सेमिनारमध्ये सांगेन, नाव-गाव न घेता. कारण त्यात सगळं आहे. गावानं ज्याला धरून बसवलं होतं, त्याला कशावरून धरलं होतं? आणि ठशानं तो सुटला. शास्त्र तेच. काचेवरून सुरुवात केली तर निर्दोष सुटतो. रजिस्टरमधल्या नावावरून सुरुवात केली तर तोच माणूस रोज ठाण्यात जातो. मला ठशाचं शास्त्र प्राणाहून आवडतं, म्हणून ते कुणाच्या हातात काय झालं हे मला माहीत असायलाच हवं.

---

स्पष्ट_बोलतो

ज्याला धरून बसवलं होतं तो पारधीच होता. लिहायचं राहिलं होतं. लिहायला हवं होतं.

---

बेड्यावरून

दोन दिवस वाचतोय. आज लिहितो.

मी फासेपारधी. आश्रमशाळेत शिकलो, पदवी झाली, सध्या अमरावतीला स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. कागदावर आम्ही अनुसूचित जमात, आणि दाखला काढायचा तर १९५० आधीचा पुरावा मागतात. आता विचार करा, ज्यांच्या नावे सातबारा नाही, ज्यांचं घर पालाचं होतं, त्यांचा १९५० आधीचा कागद असणार कुठं? एका घरी सापडला. आमच्याच नात्यातल्या. कागद ठाण्यातला होता. आजोबाचं नाव, बापाचं नाव, जात, आणि खाली अंगठा. ज्या कागदानं आजोबाला चोर ठरवलं, तोच कागद घेऊन नातू जातपडताळणीच्या रांगेत उभा राहिला. त्याची आई रडत होती, आणि त्याला कळत नव्हतं की कागद मिळाला याचा आनंद करायचा की काय.

ताई, तुम्ही म्हणता बाबांनी हात मागं घेतला. माझ्या आजोबांनीही घेतला असता. त्यांना ठाण्यात नेत तेव्हा शिपाई मनगट धरायचा, बोट धरायचा, आणि शाईवर लोळवायचा. स्वतःचं बोट स्वतः ठेवायची मुभाच नव्हती. घरी आल्यावर आजी राखेनं हात घासायची, कातडी सोलेपर्यंत. शाई निघाल्याशिवाय त्यांना भाकरीला हात लावू देत नसे. हे मी लहानपणी ऐकलेलं आहे, पुस्तकात वाचलेलं नाही.

तुम्ही वाईट हेतूनं गेला नाहीत, ते दिसतं. पण तुम्ही हातात पॅड घेऊन गेलात. आधी रिकाम्या हातानं जायला हवं होतं.

परत जा. जायलाच पाहिजे. नाहीतर बेड्यावर एवढंच उरेल की कॉलेजची पोरं अंगठे घ्यायला आली होती. ठसे मागू नका, बाबांना आठवतं ते विचारा. सांगितलं तर ऐका, नाही सांगितलं तर चहा पिऊन या. आमच्यातली म्हातारी माणसं आपसांत पारधी बोलीत बोलतात, तेव्हा तिथला एखादा शिकणारा पोरगा सोबत घ्या. त्यालाही प्रकल्पात नाव द्या, नुसता दुभाषी म्हणून नको.

---

गुरुजी_पुसद

मी विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासतो. गटाच्या प्रश्नावर सांगतो. तिन्ही गटांतून एक निवडायचाच आहे तर मानव्यविद्या निवडा. कारण तुमचा मुख्य प्रश्न "अंगठा कुणी आणि का मागितला" हा आहे. विज्ञान आणि कायदा त्याला उत्तर द्यायला आले आहेत. पोस्टरवर मधोमध आजीच्या अंगठ्याचे दोन फोटो लावा, वेचणीतला आणि वेचणीनंतरचा. परीक्षकाला दुसरं काही सांगावं लागणार नाही. आणि ब्रिटिश काळातल्या जातवर्णनांच्या ग्रंथांतली वाक्यं जशीच्या तशी उचलू नका. ती त्या काळच्या सरकारी नजरेची आहेत.

एक आठवण करून देतो. माणसांवर संशोधन करता आहात, तेव्हा प्रत्येकाचं संमतीपत्र लागेल.

---

पऱ्हाटीची_पोर

@बेड्यावरून दादा, तुमची पोस्ट आम्ही तिघांनी एकत्र बसून वाचली. राखेचं वाचल्यावर भाऊ उठून बाहेर गेला. दादा, पॅड घेऊन गेलो ते चुकलं. परवा जातो आहोत, रिकाम्या हातानं.

सरांनी संमतीपत्राचा नमुना दिला आहे. चांगला आहे, मराठीत आहे. फक्त शेवटची ओळ वाचून आम्ही थांबलो. "सहभागी व्यक्तीची सही / निशाणी डावा अंगठा."

---

बेड्यावरून

तेच म्हणतो. अंगठा नको आहे हे सांगायला पण अंगठाच देऊ का आम्ही?

---

काळा_कोट

थांबा, कायद्यात वाट आहे. १८९७ चा सामान्य परिभाषा कायदा, म्हणजे जनरल क्लॉजेस ॲक्ट. त्यात "सही करणे" या शब्दाची व्याख्या आहे. ज्याला नाव लिहिता येत नाही, त्याच्या बाबतीत सहीत खूणही धरली जाते. मार्क. ती खूण अंगठ्याचीच असली पाहिजे असं तिथं कुठंही म्हटलेलं नाही. एक निःपक्ष साक्षीदार सही करेल, खूण कुणाची ते शेजारी लिहील. तेवढी ओळ बदलून घ्या: "सही किंवा निशाणी".

१८९७. कोलकात्याचं बोटठसे कार्यालय त्याच वर्षीचं. आत्ता लिहिताना लक्षात आलं.

---

बस्तेवाला

निशाणी नांगर, निशाणी तागडी. मी म्हटलं होतं नं पोरी.

---

पऱ्हाटीची_पोर

काल जाऊन आलो.

सरांनी ओळ बदलायला लगेच हो म्हटलं. बेड्यावरचा बारावीतला एक मुलगा सोबत होता, आता तो आमच्या चौघांतला चौथा आहे. बाबा लिंबाखाली बाजेवर बसले होते. आम्ही खाली बसलो. भावानं स्वतःहून सांगितलं, "बाबा, त्या दिवशी आमचं चुकलं." बाबा काही बोलले नाहीत. बराच वेळ पारधी बोलीत त्या मुलाशी बोलत होते. त्यानं आम्हाला सगळं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मग मी आजीच्या अंगठ्याचा फोटो मोबाईलवर दाखवला. त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "हे कोनाचं बोट?" म्हटलं, माझ्या आजीचं, कापूस वेचून असं झालं, मशीन तिला ओळखत नाही. ते हसले. "आमाले तं सारे वळखते," म्हणाले. आणि मग बोलायला लागले. ते काय बोलले ते इथं लिहीत नाही, ते त्यांनी प्रकल्पासाठी सांगितलं आहे आणि नाव घालू नका म्हणाले आहेत.

शेवटी संमतीपत्र वाचून दाखवलं, दोनदा. काकांनी सांगितलेलं नांगराचं, तागडीचं सांगितलं. म्हटलं, बाबा, तुमची जी निशाणी असेल ती काढा, नाही काढली तरी चालते. पेन त्यांनी मुठीत धरलं, काडी धरतात तसं. कागद मांडीवर घेतला. आधी एक आडवी रेघ ओढली, थरथरती, पानभर. मग तिच्यावर एकापुढं एक छोटे छोटे गोल, खाली उघडे. पाच काढले, थांबून पाहिलं, सहावा काढला.

मी विचारलं, हे काय?

"फासे," मुलगा म्हणाला.

बाबांनी मान हलवली आणि बोटानं त्या गोलांचा आकार दाखवत त्याला दुरुस्त केलं. "हरनाचा नाही. हरनाचा मोठा ऱ्हायते. हा तितराचा."

साक्षीदार म्हणून बेड्यावरच्या अंगणवाडीच्या ताईंनी सही केली. शेजारी मी लिहिलं, "निशाणी तितराचा फासा".